बांधाचे चार कोपरे आणि पडद्यावरचा फड



आपल्या भागाला जमीन मोजण्याचे जुने वळण आहे. ज्या मलिक अंबरने १६१० साली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली, त्यानेच जमिनीची पाहणी करून शेतसारा बांधला. पुढे साखळी आली. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद तो गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर, हा हिशेब घरातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. आता साखळीच्या जागी मोबाईल आला आणि कागदाच्या जागी पडद्यावरचा नकाशा. तो बोटाने सरकतो, जवळ घेता येतो आणि त्यावर आपल्या शेताची आकृतीही काढता येते. ती कशी निघते आणि त्यात आपले गुंठे इकडचे तिकडे कसे होतात, हे ऊस उत्पादकाने समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

नकाशाला तुमचा बांध दिसत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. पृथ्वीवरच्या प्रत्येक जागेला अक्षांश आणि रेखांश अशी आकड्यांची जोडी असते. पैठणची जोडी साधारण १९.४८ आणि ७५.३८. शेताच्या चार कोपऱ्यांवर उभे राहून अशा चार जोड्या घ्यायच्या आणि संगणकाला लेखी हुकूम द्यायचा. यालाच कोड म्हणतात. हुकूम केवढा? "या जोड्या घे, यांचा बहुभुज कर, नकाशावर ठेव." एका ओळीचे काम! यासाठी लीफलेट नावाचे फुकट मिळणारे साधन आहे. युक्रेनच्या व्होलोदिमिर अगाफोन्किन यांनी ते २०११ साली आणले. त्यात शेतासाठी पॉलिगॉन, पाटासाठी किंवा गाडीवाटेसाठी पॉलिलाइन आणि गोल विहिरीसाठी सर्कल, असा प्रत्येक आकृतीला वेगळा शब्द आहे. सर्कलला मधला बिंदू आणि त्रिज्येचे मीटर सांगितले की झाले.

आम्हीही गावातल्या एका कॉलेजच्या पोराला शेजारी बसवून हा प्रयोग केला. पहिल्यांदा आमचा फड नकाशावर दिसेचना. शोधता शोधता सापडला तो कुठे, तर पार नॉर्वेच्या उत्तरेला, बर्फाळ समुद्रात! अहो, आडसाली ऊस तिथे कसा येणार? चूक आमचीच होती. लीफलेट आधी अक्षांश मागते. पण आकृत्या साठवण्याची जी जिओजेसन नावाची पद्धत आहे, तिच्यात आधी रेखांश लिहितात. आम्ही तिथले आकडे तसेच उचलले आणि पैठणचा ऊस उत्तर ध्रुवाकडे गेला.

दुसऱ्यांदा जागा बरोबर आली, पण शेताचा डमरू झाला. कारण कोपरे एक, तीन, दोन, चार असे दिले होते. असल्या आकृतीत एका बाजूचे क्षेत्र दुसरीतून वजा होते आणि चौकोनी शेताचा आकडा जवळजवळ शून्यावर येतो. म्हणून कोपरे बांधाबांधाने, फिरत्या क्रमानेच द्यावेत. शेवटच्या कोपऱ्यापासून पहिल्यापर्यंतची रेघ लीफलेट आपली आपण जोडते. शेतात विहीर, घर किंवा पडीक तुकडा असेल, तर त्याचे कोपरे त्याच आकृतीत आतले वेगळे कडे म्हणून द्यावे लागतात. ते दिले नाही, तर जिथे ऊसच नाही ती जागाही उसाखाली मोजली जाते.

आता मुख्य मुद्दा. उघड्या आभाळाखाली चांगल्या मोबाईललाही सुमारे पाच मीटरचा फरक पडू शकतो, झाडाखाली जास्त. एक एकर चौकोनी शेताची बाजू सुमारे ६४ मीटर असते. तिची एक बाजू पाच मीटर सरकली, की तीन गुंठ्यांहून जास्त फरक पडला. एकरी ४० टनाच्या हिशेबाने हा तीन टन ऊस झाला. आकडा लिहितानाही कंजुषी नको. दशांशानंतर चारच आकडे लिहिले, तर एका पायरीत ११ मीटर जातात. पाच लिहिले, तर एक मीटर. तेव्हा पाचाहून कमी लिहू नयेत.

आणखी एक नमूद करावेसे वाटते. ही आकृती म्हणजे मालकीचा कागद नव्हे. गटाची हद्द ठरते ती भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीने. पडद्यावरची रेघ दाखवून शेजाऱ्याशी बांधावर भांडू नये. आकृती सांगते ती फक्त ऊस कुठे व किती उभा आहे एवढेच. राज्यात २०२१ साली ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हाही शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पीक नोंदवावे हीच कल्पना होती.

म्हणून आमची विनंती अशी. चिटबॉय मोजायला आला, की त्याला चहा पाजून बांधावरूनच परत पाठवू नका. ऊस डोक्याएवढा होण्याआधी मोजणी करून घ्या. प्रत्येक कोपऱ्यावर क्षणभर थांबायला सांगा. पडद्यावरची आकृती बघा. विहीर वगळली का, शेजाऱ्याचा तुकडा आत आला का, भावाभावांच्या वाटण्या वेगळ्या पडल्या का, हे विचारा आणि मगच नोंदीवर सही करा. पूर्वी साखळी धरायला दोन माणसे लागत. मोबाईल एकटाही धरतो. तरी दुसऱ्या टोकाला सभासद हजर असलेला बरा.