मुलाचा ताबा : पालकांच्या काही शंका

जबलपूरच्या ग्वारीघाटावर पैलतीरी जाणाऱ्या नावेत मूल आईच्या मांडीवरून वडिलांच्या मांडीवर सहज जाते. पतिपत्नी विभक्त झाली, म्हणजे मात्र एवढ्यासाठीच न्यायालयाची पायरी चढावी लागते.

अर्ज कोठे करावा, ही बहुतेकांची पहिली शंका. समजा, नागपूरला नांदणारी स्त्री मुलासह ग्वारीघाटच्या माहेरी परतली. पालक व पाल्य अधिनियम, १८९० प्रमाणे मूल सामान्यतः जेथे राहते, तेथील न्यायालयाकडे दाद मागावयाची असते. ते माहेरच्या शाळेत रुळले असेल, तर जबलपूर. चार दिवसांच्या पाहुणचाराने वास्तव्य बदलत नाही. म्हणूनच मुलास शाळेतून परस्पर उचलून नेण्याने काही साधत नाही. ते भेदरते, एवढेच.

हिंदू कुटुंबांपुरता १९५६ चा कायदा पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे ठेवतो. त्यापुढे? पुष्कळ वडील येथे आपली मिळकत पुढे करतात. पण पैसा पोटगीच्या रूपानेही देता येतो. न्यायालय पाहते ते मुलाचे हित, आणि ते जाणते असेल तर त्याची इच्छाही. जिजाबाई गजरे यांच्या खटल्यात वडील हयात होते, परंतु मुलीकडे त्यांचे लक्ष नव्हते. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने आईलाच नैसर्गिक पालक मानले.

कौटुंबिक न्यायालयात, १९८४ च्या कायद्यान्वये, वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नव्हे. तडजोडीचा प्रयत्नही आधी होतो. ज्यास ताबा मिळाला नाही, त्यास भेटीचे दिवस मागता येतात, आणि परिस्थिती पालटल्यास ताब्याचा हुकूमही बदलून मागता येतो.