इंजिन बदललं, तरी गाडी ओढत नाही? टर्बोला हात लावण्याआधी हे बघा



समजा, तुमच्या नव्या गॅरेजमध्ये टर्बो डिझेल गाडीला जुनं इंजिन काढून दुसरं बसवलं. गाडी सुरू झाली, पण चढाला दम टाकते, काळा धूर सोडते. कस्टमर दारात उभा. घाईत टर्बो बदलला आणि दोष तिथे नसलाच, तर खर्च कोणाच्या खिशातून? तुमच्याच!

म्हणून स्वस्तातल्या तपासण्या आधी करा.

१. स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचा. सेन्सरचे कनेक्टर आणि इंजिनची अर्थिंग बघा.

२. इंटरकूलरचे पाइप, क्लॅम्प, व्हॅक्यूमच्या नळ्या तपासा. टर्बोने दाबलेली हवा वाटेतच गळाली, तर डिझेल पूर्ण जळत नाही. धूर त्याचाच.

३. इंजिनसोबत इंजेक्टरही बदललेत? अनेक कॉमन रेल गाड्यांत त्यांचे कोड ईसीयूमध्ये टाकावे लागतात.

४. तरीही सुटलं नाही, तरच टायमिंग आणि टर्बो.

आता धंद्याचं. तपासणीची मजुरी आधीच ठरवा, जॉब कार्डवर लिहा. नव्या इंजिन नंबरची आरसीवर नोंद करायला कस्टमरला सांगा. अंदाजाने पार्ट बदलणारा एकदा कमावतो. दोष शोधून देणाऱ्याकडे कस्टमर परत येतो.