जिप्सीची उंची टप्प्याटप्प्याने वाढवताना

मारुती जिप्सीच्या चारही चाकांवर पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या थरांची स्प्रिंग, आणि पुढे-मागे सलग अॅक्सल असल्यामुळे तिची उंची कमी खर्चात, टप्प्याटप्प्याने वाढवता येते. पहिला खर्च झिजलेल्या बुशांवर आणि बसलेल्या पाट्यांना पुन्हा बाक देण्यावर करणे उत्तम, कारण गमावलेली उंची त्यातूनच बरीचशी परत मिळते. पाट्याचे टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी, म्हणजे शॅकल, लांब केल्यास उंची त्या वाढीच्या सुमारे निम्मीच वाढते. पुढच्या चाकांकडे मात्र त्यामुळे कॅस्टर, म्हणजे स्टीअरिंगच्या अक्षाचा कल, बदलून गाडी वेगात भरकटू शकते, म्हणून शॅकलचा अतिरेक टाळावा. त्यानंतर लांब शॉकॲब्सॉर्बर येतात. त्याच वेळी अॅक्सल पूर्ण खाली लोंबकळत ठेवून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे पाहणे अत्यावश्यक ठरते. या सगळ्याने चासी उचलली जाते, परंतु दगडाला आधी भिडणारा, अॅक्सलवरच असलेला डिफरन्शिअलचा गोळा तसूभरही वर जात नाही. तो केवळ मोठ्या टायरनेच उचलला जातो, आणि तोही टायरच्या वाढीव व्यासाच्या निम्माच. नोंदणीतील तपशिलापेक्षा वेगळे ठरणारे बदल मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 च्या कक्षेत येत असल्याने आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.