कर्मणी प्रयोग येतो का? मग फ्रेंचही येईल

फ्रेंच शिकायला आलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी फ्रेंचबद्दल काहीच विचारत नाही. 'मुलीने चिठ्ठी लिहिली' यातला प्रयोग कोणता, एवढंच विचारते. वर्गात सॉफ्टवेअरवाले असतात, एखादी नर्स असते, अकरावीतलं एखादं पोरगं असतं. आधी सगळे एकमेकांकडे बघतात. मग कोणीतरी पुटपुटतं, "मॅडम, ते दहावीलाच सोडलं."

पुण्यात हा उद्योग करत माझे केस पिकले. सुरुवातीला येणारी मुलं बारावीपर्यंतची असत. मराठी किंवा हिंदीपेक्षा फ्रेंच 'स्कोअरिंग', म्हणून घरच्यांनी धाडलेली. नंतर आयटीतली मंडळी आली, कारण फ्रेंच ग्राहकाची कागदपत्रं त्यांच्या टेबलावर येऊन पडायला लागली. आता दारात उभा राहणारा पहिलंच वाक्य म्हणतो, "मॅडम, कॅनडाला जायचंय." हेतू कोणताही असो, माझं भांडण नाही. भांडण आहे ते शिकवण्याच्या वाटेशी. पुस्तक फ्रान्सहून येतं, ते पूर्ण फ्रेंचमध्ये असतं आणि समजावणं चालतं इंग्रजीतून. म्हणजे मराठी मूल आधी आपल्या व्याकरणातून बाहेर पडतं, इंग्रजीत शिरतं आणि तिथून फ्रेंचकडे हात लांबवतं. नेमक्या ज्या खोल्यांत फ्रेंचचं सामान ठेवायला जागा होती, त्याच आपण कुलूप लावून आलेलो असतो.

त्या चिठ्ठीकडेच बघा. मुलीने चिठ्ठी लिहिली, मुलाने चिठ्ठी लिहिली. लिहिणारा बदलला तरी क्रियापद ढिम्म हलत नाही. पण मुलीने निबंध लिहिला म्हटलं की लगेच हलतं. क्रियापद कर्माच्या तालावर चालतं, हे मराठी माणसाला तिसऱ्या वर्षीच येतं. इंग्रजीला ही भानगड ठाऊकच नाही. फ्रेंचला मात्र आहे, आणि तीही अर्धवट. 'इल आ एक्री यून लेत्र', त्याने एक चिठ्ठी लिहिली, इथे क्रियापद कोणाचंच ऐकत नाही. पण तेच कर्म क्रियापदाच्या आधी आणलं, 'ला लेत्र कील आ एक्रीत', त्याने लिहिलेली चिठ्ठी, की 'एक्री'चं 'एक्रीत' होतं, कारण 'लेत्र' स्त्रीलिंगी. 'लिहिलेली'मधल्या 'ली'ला जे काम, तेच त्या शेवटच्या 'त'ला.

हा नियम खुद्द फ्रेंच शाळकरी मुलांना रडवतो. तो रुजवला सोळाव्या शतकात राजा पहिल्या फ्रान्स्वाच्या दरबारातल्या क्लेमां मारो या कवीने, इटालियनचा आदर्श दाखवून. मारोने इटलीहून दोन गोष्टी आणल्या, एक गुप्तरोग आणि दुसरा हा नियम, आणि जास्त नुकसान दुसरीने केलं, असा एक शेरा व्होल्तेरच्या नावावर सांगितला जातो. २०१८ साली बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी हा नियम काढूनच टाका, असं जाहीर सुचवलं आणि वर्तमानपत्रांतून मोठी जुंपली. माझ्या वर्गात मात्र कर्मणी प्रयोग आठवला की हा धडा सहज उरकतो. पुढे एक खाच आहे, तीही सांगून टाकते. 'त्याने तिला पाहिलं' हा आपला भावे प्रयोग. 'तिला'मधल्या 'ला'मुळे क्रियापद नपुंसकलिंगी होऊन बसतं. फ्रेंच तिथेही 'ती' स्त्री आहे हे विसरत नाही आणि क्रियापदाच्या शेवटी एक जादा अक्षर लिहून ठेवते. ते ऐकू येत नाही, पण परीक्षेत त्याचे गुण जातात.

त्याहून मोठी गंमत विध्यर्थाची. फ्रेंच शिकणारे इंग्रज आणि अमेरिकन ज्या प्रकरणाला सर्वांत जास्त घाबरतात, ते म्हणजे 'सुब्जाँक्तिफ'. इंग्रजीतून शिकवलं की तो क्रियापदांच्या याद्यांचा ढिगारा होतो: इच्छा असेल तर, भीती असेल तर, गरज असेल तर. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते. 'मला वाटतं, तो येईल.' 'मला वाटतं, त्याने यावं.' सुरुवात तीच, पण पहिल्यात अंदाज आहे आणि दुसऱ्यात इच्छा. फरक कोणी शिकवला? कोणीच नाही, उठताबसता आपण 'यावं, जावं, करावं' म्हणतच असतो. फ्रेंचही पहिल्यासाठी साधं रूप वापरते आणि दुसऱ्यासाठी क्रियापद वाकवते: 'व्हियां'चं 'व्हियेन' होतं. भूतकाळाचंही तसंच. 'आजी देवळात गेली' आणि 'आजी देवळात जायची' यांतला फरक कळणाऱ्याला फ्रेंचचे दोन नेहमीचे भूतकाळ निराळे समजावावे लागत नाहीत. आणि 'त्याची आई' म्हणताना 'ची' आईमुळे येतो हे एकदा दाखवलं, की 'सा मॅर'मधला 'सा'ही आईमुळेच आला हे पटतं. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे मुलगा की मुलगी हे शोधत बसतो आणि राहुलच्या आईला पुल्लिंगी करून ठेवतो.

लिंगाबद्दल तर तक्रार करायचा आपल्याला अधिकारच नाही. आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोनच. बस 'ती', मोबाइल 'तो', तिकीट 'ते', हे कोणत्या समितीने ठरवलं? फ्रान्समध्ये निदान समिती तरी आहे. १६३५ साली स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीने मे २०२० मध्ये कोव्हिड स्त्रीलिंगी असल्याचा निर्वाळा दिला. तोवर लोकांच्या तोंडी तो पुल्लिंगी होऊन गेला होता, आणि पुष्कळांच्या तोंडी तसाच राहिला. मुलांनी प्रत्येक नाम 'ल' किंवा 'ला'सकटच पाठ करावं, याला मी आडवाट देत नाही. अगदी अडलंच तर शेवटाकडे बघता येतं: 'स्यों'वर संपणारी बहुतेक नामं स्त्रीलिंगी, 'आज'वर संपणारी बहुतेक पुल्लिंगी. 'बहुतेक' हा शब्द मात्र अधोरेखित करून ठेवायचा.

आकड्यांचं रडगाणं मी ऐकून घेत नाही. नव्याण्णवला ते 'चार वीस दहा नऊ' म्हणतात, हे ऐकून वर्ग हसतो. हसू द्यावं, आणि मग एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद ओळीने म्हणायला सांगावं. कोडीच्या हिशेबात वीस मोजणाऱ्या देशातल्या माणसाने विसाच्या पटीवर हसणं तसंही बरं नाही. ज्यांना अगदीच सोसत नाही त्यांनी बेल्जियम किंवा स्वित्झर्लंड गाठावं. तिथे नव्वदला सरळ 'नोनांत' म्हणतात.

आता जिथे मराठी पाठ फिरवते ते. उपपदं आपल्याकडे नाहीत. 'पाणी दे' म्हणताना ते कोणतं पाणी, थोडं की सगळं, हे आपण सांगत नसतो. फ्रेंचला ते सांगावंच लागतं. त्यावर सरावाशिवाय औषध नाही. दुसरं, उच्चार. ओठ 'ऊ'साठी गोल करायचे आणि आत जीभ 'ई'ची ठेवायची, तेव्हा जो स्वर निघतो त्याला आपल्याकडे अक्षर नाही. म्हणून वहीत देवनागरीत उच्चार लिहायला मी सक्त मनाई करते. (या लेखात मलाच ते करावं लागतंय, वर्गातल्या मुलांनी कृपया वाचू नये.) नाकातले स्वर पुणेकरांना अवघड जातात. आपण अनुस्वार दिसला की 'न' किंवा 'म' ठोकून देतो. मालवणकडची किंवा गोव्याची मुलं इथे बाजी मारतात, कारण कोकणीत 'हांव' म्हणताना स्वर खरोखरच नाकातून जातो.

न उच्चारलेल्या अक्षरांवरून फ्रेंचला नावं ठेवणाऱ्यांना मी आजोबांच्या काळच्या पुस्तकांची आठवण करून देते. 'केलें', 'घरें', सगळीकडे टिंबं. बोलताना बहुतेकांनी ती केव्हाच सोडली होती, पण लिहिताना सोडवत नव्हती. आपण १९६२च्या शुद्धलेखन नियमांत ते अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. फ्रेंचांनी १९९० साली असंच थोडं झाडून घ्यायचं ठरवलं, काही शब्दांवरची छोटी टोपी ऐच्छिक केली, कांद्याच्या स्पेलिंगमधला एक मुका 'आय' गाळायला परवानगी दिली. २०१६ मध्ये ते बदल शालेय पुस्तकांत येणार म्हटल्यावर देशभर गहजब झाला. शुद्धलेखनाचं वेड तिथे जुनंच. १८५७ साली लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांनी तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारात मंडळींना श्रुतलेखन घातलं. बादशहाच्या ७५ चुका निघाल्या असं सांगतात. सर्वांत कमी, अवघ्या ३, निघाल्या त्या ऑस्ट्रियाच्या राजदूताच्या, म्हणजे परक्या माणसाच्या. नव्या बॅचला ही गोष्ट मी आवर्जून सांगते.

तू आणि तुम्ही हा भेदही आपल्याला आयता मिळाला आहे, फक्त सीमारेषा वेगळ्या. हॉटेलातल्या पोऱ्याला सहज 'ए' म्हणणाऱ्याने पॅरिसच्या कॅफेत वेटरला 'त्यू' म्हणून पाहावं. आधी 'बाँझूर' म्हटलं नसेल तर कॉफीला आणखी उशीर.

परीक्षांचं थोडक्यात, कारण चौकशी करणारे पहिल्यांदा तेच विचारतात. युरोप परिषदेच्या २००१च्या चौकटीप्रमाणे ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या आहेत. त्यांतल्या पहिल्या चार पायऱ्यांचं प्रमाणपत्र म्हणजे 'डेल्फ'. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५. हे प्रमाणपत्र जन्मभर चालतं. कॅनडावाल्यांना ते चालत नाही. त्यांना 'तेफ' किंवा 'तेसेएफ' द्यावी लागते आणि तिची मुदत दोनच वर्षं. घोटाळा करून लोक भलतीच परीक्षा देऊन बसतात, म्हणून हे ठळक सांगते. चारही भागांत अडतो तो ऐकण्याचा. 'ज न से पा' असं पुस्तकात शिकलेलं वाक्य माणसाच्या तोंडून 'शे पा' होऊन येतं. त्यासाठी मी आरएफआय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं रोजचं बातमीपत्र ऐकायला लावते. दहा मिनिटांचं असतं, स्वयंपाक करताना होतं.

कॅनडाने २०२३ पासून एक्स्प्रेस एंट्री या स्थलांतराच्या योजनेत फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळी निवड सुरू केली आणि माझ्याकडची गर्दी वाढली. यातली मेख फार थोड्यांना आधी माहीत असते. एक्स्प्रेस एंट्री क्यूबेकसाठी नाहीच. क्यूबेक आपली माणसं स्वतंत्रपणे निवडतं. म्हणजे फ्रेंचच्या जोरावर ज्याला कॅनडा मिळतो, तो जाणार क्यूबेक सोडून बाकीच्या, मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या कॅनडात. टोरोंटोजवळ राहणारे माझे काही जुने विद्यार्थी विमानतळानंतर फ्रेंचचा एक शब्द बोललेले नाहीत.

एकीचं मात्र वेगळं झालं. ती न्यू ब्रन्सविकमध्ये मॉन्क्टनला गेली. कॅनडात अधिकृतपणे द्विभाषिक असलेला तो एकमेव प्रांत. मॉन्क्टनकडे 'शियाक' बोलतात: व्याकरण फ्रेंच, मध्येच इंग्रजी क्रियापद घ्यायचं आणि त्याला फ्रेंच प्रत्यय लावायचा. पहिल्या आठवड्यात तिने मला व्हॉइस मेसेज पाठवला, "मॅडम, तुम्ही शिकवलेलं इथे कोणीच बोलत नाही." मी तिला विचारलं, आपण 'फाइल अपलोड केली' म्हणतो तेव्हा 'केली' का म्हणतो? तिचं उत्तर लगेच आलं: "फाइल स्त्रीलिंगी. कर्मणी." आता ती शियाकची वाक्यं लिहून धाडते आणि आम्ही वर्गात त्यांची चिरफाड करतो.