दंतस्कॅनिंग आणि डिझाइनसाठी संगणकाची निवड

तोंडात फिरवला जाणारा स्कॅनर दातांच्या छोट्या छोट्या भागांच्या प्रतिमा सलग घेत जातो. त्या एकमेकींशी जुळवून दंतपंक्तीचा त्रिमितीय पृष्ठभाग उभा करण्याचे काम बहुतेक यंत्रांत जोडलेला संगणक करतो, आणि तेही रुग्णाचे तोंड उघडे असताना. प्रत्येक नव्या प्रतिमेचा काही भाग आधीच्या प्रतिमेत आलेला असतो. त्या सामायिक भागावरून तिची जागा ठरते. हे गणित मागे पडले की स्कॅनर नेमका कुठे आहे हे सॉफ्टवेअरला कळेनासे होते. पडद्यावरचे चित्र थबकते, आणि दंतवैद्याला आधी स्कॅन झालेल्या एखाद्या दाढेवर परत जाऊन दुवा पकडावा लागतो. तोवर लाळ साचते, कोरडी केलेली हिरडी पुन्हा ओली होते आणि कॅप जिथे बसायची ती दाताची कड झाकली जाते. संगणकाची पहिली कसोटी म्हणून याच टप्प्यावर घ्यावी. डिझाइन करताना यंत्र अडखळले तर तंत्रज्ञाचा वेळ जातो. स्कॅन करताना अडखळले तर माप बिघडते.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात या निवडीला जास्तच महत्त्व आहे. लोणी आणि संगमनेरला दंत महाविद्यालये आहेत, पण रुग्ण पसरलेले आहेत १४ तालुक्यांत आणि १७,०४८ चौरस किलोमीटरांत. अकोले किंवा जामखेडहून कॅपसाठी आलेल्या माणसाला माप चुकले म्हणून पुन्हा बोलावणे म्हणजे त्याचा एक दिवसाचा रोजगार बुडवणे.

जुळणीचा मोठा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेले ग्राफिक्स कार्यालयीन कामाला पुरते, इथे पुरत नाही. अनेक स्कॅनरांचे सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या स्वतंत्र कार्डाची अपेक्षा ठेवते. कार्डाची स्वतःची मेमरी ६ जीबीपेक्षा कमी नसावी. वरच्या-खालच्या दोन्ही दंतपंक्ती रंगासह स्कॅन करायच्या असतील तर ८ जीबी घेणे शहाणपणाचे. महागडे वर्कस्टेशन कार्ड मात्र सहसा लागत नाही. गेमिंगसाठी विकले जाणारे लॅपटॉप या कामाला चांगले चालतात. दुकानदाराने त्याबद्दल नाक मुरडले तरी हरकत नाही. अशा लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, आणि स्कॅनिंगचे सॉफ्टवेअर कमकुवत ग्राफिक्सवर चालू राहिले तर खर्च केलेले कार्ड नुसते बसून राहते. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या सॉफ्टवेअरला स्वतंत्र कार्ड नेमून द्यावे लागते.

रॅमचा हिशेब फाइलींवरून मांडता येतो. स्कॅनचा पृष्ठभाग त्रिकोणांच्या रूपात साठवणाऱ्या बायनरी एसटीएल फाइलीत एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात. म्हणजे १० लाख त्रिकोणांची फाइल सुमारे ५० एमबीची. ही काही मोठी गोष्ट नाही. खरा भार येतो तो इम्प्लांटच्या नियोजनात, सीबीसीटी या जबड्याच्या त्रिमितीय क्ष-किरण स्कॅनमुळे. प्रत्येक बाजूला ८ सेंटीमीटर असलेला घन ०.२ मिलिमीटरच्या कणांत विभागला तर ६ कोटी ४० लाख कण होतात. प्रत्येकी दोन बाइट धरले तरी १२८ एमबी. कणाचा आकार ०.१ मिलिमीटर केला की तेच आठपट, म्हणजे एक जीबीच्या घरात. हे उघडे ठेवून त्यावर दातांचा स्कॅन बसवायचा आणि शेजारी डिझाइनचे सॉफ्टवेअर चालवायचे, तर १६ जीबी रॅम अपुरी पडते. ३२ जीबी घ्यावी. एक्सोकॅडसारख्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये गाभ्यांच्या संख्येपेक्षा एकेका गाभ्याचा वेग जास्त उपयोगी पडतो, कारण कड आखणे किंवा चावा जुळवणे यांतली बरीच गणिते एकामागून एक होतात. साठवणीसाठी एनव्हीएमई एसएसडी हवी. जुनी फिरती हार्ड डिस्क फार तर संग्रहासाठी ठेवावी.

स्कॅनरची वायर यूएसबी ३च्या पोर्टात थेट जोडावी. यूएसबी २चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, यूएसबी ३चा ५ गिगाबिट. मध्ये स्वस्त हब किंवा जास्तीची लांब वायर आली की जोडणी तुटण्याची शक्यता वाढते. लॅपटॉपला परवान्याचा डोंगल, माऊस आणि स्कॅनर एकाच वेळी लावता येतील इतके पोर्ट आहेत का, हे खरेदीपूर्वी मोजून घ्यावे.

वीज आणि उष्णता यांकडे कार्डाइतकेच लक्ष हवे. लॅपटॉप बॅटरीवर गेला की ग्राफिक्स कार्डाची शक्ती घटते, त्यामुळे स्कॅन चार्जर लावूनच करावा; बॅटरीचा उपयोग वीज गेल्यावर केलेले काम वाचवण्यापुरता. डेस्कटॉपला यूपीएस लागतोच. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. आरटीएक्स ३०६० हे कार्ड एकटेच १७० वॉटपर्यंत घेते. प्रोसेसर आणि मॉनिटर धरल्यावर फारसे काही उरत नाही, तेव्हा एक केव्हीएचा घ्यावा. दवाखान्याच्या इन्व्हर्टरवर भिस्त असेल तर त्याचे बटण यूपीएस मोडवर आहे ना, ते पाहावे. नाहीतर वीज गेल्यावर बदलाच्या क्षणी संगणक बंद पडू शकतो. अहिल्यानगरच्या एप्रिल-मेच्या उन्हात तापलेला लॅपटॉप स्वतःहून वेग कमी करतो, आणि लॅबमध्ये प्लास्टर व झिरकोनियाची बारीक धूळ पंख्यांत अडकून ही अडचण वाढवते. डिझाइनचा संगणक घासकामाच्या खोलीत ठेवू नये.

लॅब पुण्या-नाशिकला असेल तर इंटरनेटचा अपलोड वेग विचारात घ्यावा. १०० एमबीचा स्कॅन ५ एमबीपीएसने पाठवायला पावणेतीन मिनिटे पुरतात. एक जीबीच्या सीबीसीटीला सुमारे अर्धा तास लागतो. लॅबला एसटीएल पाठवली तरी स्कॅनरची मूळ केस दुसऱ्या डिस्कवर जपून ठेवावी. एसटीएलमध्ये रंग सहसा राहत नाही, आणि कॅप घट्ट बसली किंवा कड उघडी राहिली तर चूक स्कॅनमध्ये झाली की डिझाइनमध्ये, हे मूळ केसवरूनच तपासता येते.

खरेदीपूर्वी स्कॅनर विकणाऱ्याकडून नेमक्या त्याच संगणकावर प्रात्यक्षिक मागावे. एक-दोन दातांचा नमुना पुरेसा नाही. दोन्ही पूर्ण दंतपंक्ती आणि चावा सलग स्कॅन करून पाहावा, लगेच दुसरी केस घ्यावी, आणि यंत्र तापल्यावर शेवटच्या दाढेपाशी चित्र स्कॅनरच्या मागे पडते का, ते बघावे.