तुकड्या-तुकड्यांची क्रोशाची शाल

क्रोशाची शाल सलग विणता येते, तशीच छोटे मोटिफ वेगवेगळे विणून, ते जोडूनही करता येते. आयर्लंडमध्ये १८४० च्या दशकातील दुष्काळात अनेक कुटुंबांना आधार देणाऱ्या क्रोशाच्या लेसमध्येही फुले-पाने सुटी विणून जाळीने सांधली जात.

सर्वांत सोपा मोटिफ म्हणजे चौकोन. चार साखळ्यांचे कडे करून त्यात तीन-तीन खांबांचे चार गट विणतात. प्रत्येक गटानंतर दोन साखळ्या घेतल्या की कोपरा तयार होतो. पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात दोन गट येतात, त्यांच्यामध्ये पुन्हा दोन साखळ्या. अशा रीतीने दर फेरीला १२ खांब वाढतात आणि चौकोन सपाट राहतो.

१० सेंटिमीटरचे चौकोन घेतल्यास ५० × १५० सेंटिमीटरच्या शालीला ५ × १५, म्हणजे ७५ चौकोन लागतात. सर्वांसाठी सुई एकाच क्रमांकाची आणि हाताचा ताण सारखा हवा. नाहीतर कडा जुळत नाहीत.

जोडणीच्या तीन पद्धती रूढ आहेत. सुईदोऱ्याने शिवल्यास सांधा दिसत नाही. मुक्या खांबांनी जोडल्यास उठावदार रेघ येते. शेवटची फेरी विणतानाच शेजारच्या चौकोनात अडकवत गेल्यास वेगळी शिवण लागत नाही आणि शाल मऊ पडते.

शेवटी टोके आत ओवून, सभोवती काठ विणतात. लोकरीची शाल ओली करून, टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवली की नक्षी उमलते आणि आकार बसतो.