पुढच्या शिल्लकेचा हिशेब : चार दशकांचा मागोवा

कीर्द म्हणजे रोजच्या जमा-नावेची वही आणि खतावणी म्हणजे त्याच नोंदींची खातेवार मांडणी. या दोहोंत होऊन गेलेला व्यवहारच उतरत असे, आणि पुढच्या महिन्यात बँकेत काय उरेल हा अंदाज घरच्या कर्त्या माणसाच्या डोक्यातच राहत असे. अमेरिकेत १९८३ साली स्थापन झालेल्या इंट्युइट कंपनीच्या क्विकनने आणि १९९१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट मनीने घरगुती हिशेब संगणकावर नेला, परंतु या प्रणाली ठरलेल्या तारखेचा पगार आणि चेकने भरायची बिले असलेल्या कुटुंबासाठी घडलेल्या होत्या. भारतात १९८६ पासून वाढलेल्या टॅली या हिशेब-प्रणालीचा भर व्यापाऱ्याच्या वहीवर राहिला.

१९९८ मध्ये पहिली आवृत्ती आलेल्या ग्नूकॅश या मुक्त प्रणालीत पुढे नियोजित व्यवहारांची, म्हणजे ठरावीक मुदतीने आपोआप होणाऱ्या नोंदींची, सोय झाली. पुढील तारखांच्या नोंदी खात्यात आल्या की ही प्रणाली आजच्या शिल्लकेबरोबर अपेक्षित किमान शिल्लकही, म्हणजे नोंदलेल्या काळात खाते सर्वांत खाली कुठवर उतरेल तो आकडा, दाखवते. महिनाअखेरच्या आकड्यापेक्षा हाच अधिक उपयोगी, कारण कर्जाचा हप्ता परत जातो तो महिन्याच्या मधल्याच एखाद्या कोरड्या दिवशी.

२०१४ च्या जनधन योजनेने खाती आणि २०१६ च्या यूपीआयने व्यवहार गावोगाव पोहोचवले, तरी बालाघाटाच्या डोंगररांगेतील भूमसारख्या कमी पावसाच्या, दूध-खव्यावर चालणाऱ्या तालुक्यात पगारदाराचा तो साचा जसाच्या तसा बसत नाही. दुधाचे बिल सामान्यतः दहा दिवसांनी येते, म्हणजे तारीख पक्की, पण फॅट आणि दर यांमुळे रक्कम हलती. २०१९ पासूनच्या पीएम-किसानचा दोन हजारांचा हप्ता उलट, रक्कम पक्की पण तारीख हलती. सोयाबीनचे तर दोन्ही हलते, आणि खव्याची उधारी वसूल झाल्याशिवाय जमा धरणे धाडसाचेच. बँकेचा हप्ता मात्र तारखेला आणि पूर्ण रकमेने वजा होतो.

असे असले तरी भूमच्या गोठ्यातील एक मोठी घट आधीच मांडता येते. गाय साधारण २८० दिवस गाभण राहते आणि विण्यापूर्वी सुमारे दोन महिने भाकड ठेवली जाते. त्या काळात दुधाचे बिल आटते, कडबा-पेंडीचा खर्च चालूच राहतो. म्हणून रेतनाची तारीख कळली की सात महिन्यांपुढील तूट नियोजित नोंदीत घालता येते, आणि गाय उलटल्यास, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्यास, नोंद पुढे सरकवावी लागते. सोयाबीनची जमा मात्र वेगळ्या फाइलीत, एकदा हमीभावाने आणि एकदा त्याहून कमी दराने धरून, दोनदा मांडून पाहणेच बरे.